बिनकॉलरचे सदरे

माय, आज तुझी कात्री आठवली. बाबा सिंदीच्या बाजारात कापसाचे दलाल होते. पांढरा सदरा, त्याला भाताच्या पेजेची खळ, आणि कॉलर अशी कडक की मान वळवायची तर अख्खे बाबा वळायचे. ती खळ तुझ्याच हातची. मग त्यांच्या घशात गाठ निघाली आणि सकाळच्या पॅसेंजरनं तू त्यांना रोज नागपूरला शेकासाठी नेऊ लागलीस. शेक म्हणजे मशीनचे किरण, हे आम्हा पोरांना मागाहून कळलं. मोठी आत्या तर शेक ऐकून गरम तेलाची वाटीच घेऊन आली, भावाची मान शेकायला. "बाई, मशीननं चामडी आधीच पोळली. तेल नाई, साबन नाई, घासनं तर नाईच नाई," असं म्हणून तू तिच्या हातातली वाटी काढून घेतलीस. नणंदेपुढे एरवी तोंडातून शब्द न काढणारी तू! आत्या दिवसभर फुगून बसली आणि तू खुशाल कामाला लागलीस.

बाबांचं तोंड आतून सोललं होतं. तू घरातली मिरचीच बंद केलीस, आम्हा सगळ्यांची. मीठ-सोड्याच्या पाण्याच्या गुळण्या आणि वर गार, मऊ खिचडी. बाबा खेकसतायत, "हे काय जेवन हाय?" आणि तू शांतपणे म्हणतेस, "नाई. औषध हाय. गिळा." एकदा गाडीतून उतरताना कॉलरला रक्त लागलेलं तुला दिसलं. घरी आलीस ती हातपाय न धुता खुंटीवरचे सगळे सदरे काढलेस आणि कचाकच कॉलरी कापल्यास. बाबा कडाडले, "आता बाजारात कोनत्या तोंडानं जाऊ? उद्यापासून नागपूर बंद! मरू दे मले!"

तू कात्री खाली ठेवली नाहीस. "कॉलर मी पुन्हा शिवून देईन जी. मान कुठून आनू?"

दुसऱ्या दिवशी बाबा मुकाट्यानं गाडीत बसले, गळ्याभोवती तुझ्या जुन्या लुगड्याचा तुकडा. शेक पुरा झाला. ते जगले, अगदी तुझ्याशी भांडण्याइतके टुणटुणीत जगले. तू बोलल्याप्रमाणे कॉलरी शिवून दिल्यास, पण ते सदरे त्यांनी कधी घातलेच नाहीत. बाजारात कुणी विचारलं की म्हणायचे, "बायकोनं कापली." आणि काय तो तोरा!

आता गाठ माझ्या गळ्यात आहे. उद्या पहिला शेक. नर्सबाई समजावत होती: तिखट नको, गुळण्या करा, गळ्याशी सैल कपडे घाला. म्हटलं, ठाऊक आहे सगळं, आईनं शिकवलंय. तिला वाटलं, म्हातारा थट्टा करतोय. घरच्यांना मी सांगत फिरतोय की हल्ली मशिनी चांगल्या आल्यात, काळजी करू नका. ते खोटंही नाही. संध्याकाळी माझे सदरे घेऊन बसलो. एकच कॉलर कापली, तीही वाकडी. हा कागद कुठल्या टपालपेटीत टाकायचा नाही, म्हणून तुलेच सांगतो माय, मले भेव लागून राह्यलं. बाकीच्या कॉलरी तूच कापून दे न.