कन्हानला निघण्याआधी बेसिनचा कॉक

६ जानेवारी, सोमवार
बेसिनखालचा पाईप पुन्हा गळतोय. बादली लावली. हे असते तर गच्चीवर जाऊन टाकीचा कॉक फिरवला असता आणि वरून ओरडले असते, "झालं का वं बंद?" मी खालून "झालं" म्हटलं असतं. आमचं घर जुनं, कॉक तेवढा एकच. तो बंद केला की स्वयंपाकघरही कोरडं.
निर्णय: बाथरूमच्या तिन्ही पाईपांना वेगवेगळा कॉक. याच आठवड्यात.
कन्हानहून मायाचा फोन. माझी धाकटी बहीण, एकटीच राहते. सोळा तारखेला मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. डोळ्यात औषध टाकायला आठ दिवस येशील का म्हणाली. म्हटलं, विचारतेस काय? कॉक बसले की निघालेच.

७ जानेवारी
बुद्धविहाराच्या वाचनालयातून घरदुरुस्तीचं पुस्तक आणलं. पाईपचं प्रकरण दोनदा वाचलं. आता प्लंबर फक्त पाना धरायला लागेल.

९ जानेवारी, गुरुवार
इतवारीच्या बाजारातून तीन कॉक आणले, पितळेचे. दुकानदाराने विचारलं, अर्धा इंच की पाऊण? मी ठामपणे पाऊण म्हटलं. घरी पाईप अर्ध्याचा निघाला. बदलून आणीन, घाई नाही.
माया फोनवर म्हणाली, "इतवारीले जाणं जमते, कन्हानले काहून जमत नाही वं?" कन्हान बसने तासाभरावर, हे मलाही माहीत आहे. पण तिला बादलीचं गणित कळत नाही. बादली भरायच्या आत इतवारी होते. मुक्काम होत नाही.

११ जानेवारी
कॉक बदलून आणले. नत्थूजी प्लंबर पाईप बघून गेले. म्हणाले, "लोखंड सडलं वहिनी. लहानसंच काम आहे, आत्ताच करून टाकू का?"
आत्ता म्हणजे? बेसिनवर यांचं दाढीचं सामान आहे. ते आधी हलवावं लागेल. नत्थूजी म्हणाले, "अवो, मी ठेवतो न उचलून." नको म्हटलं. मंगळवारी या. माणूस उतावळा आहे. उतावळ्या हाताने काम बिघडतं असं पुस्तकात आहे. नसेल तर असायला हवं होतं.

१४ जानेवारी, मंगळवार
नत्थूजी आले. आज नळाला पाणी जेमतेम होतं. चाचणी नीट झाली नसती. परत पाठवलं. जाताना म्हणाले, "वहिनी, कॉक पाईपाले लावाचे हायेत का शोकेसमंधी ठेवाचे हायेत?" गमत्या माणूस.
दाढीचं सामान डब्यात भरलं. डबा ओलसर वाटला. परत बेसिनवर ठेवलं.
मायाला सांगितलं, उद्या काम पक्कं, संध्याकाळच्या बसने येते.

१५ जानेवारी
नत्थूजी दुसऱ्या कामावर. आजच! माणसांच्या भरवशावर राहणं किती कठीण.
मायाला कळवलं. ती म्हणाली, "ताई, भाऊजी गेल्यापासून तू एक रात्र तरी बाहेर झोपली का वं?" या प्रश्नाचा आणि पाईपचा काही संबंध नाही.

१६ जानेवारी
ऑपरेशन झालं. तिच्या शेजारची दामिनी सोबत गेली होती. माया फोनवर नीट बोलली. मला जेवण गेलं नाही. बादली दोनदा रिकामी केली, भरलेली नसताना.

१७ जानेवारी, शुक्रवार
सकाळीच नत्थूजींना बोलावलं. सामान मी स्वतः उचललं. टाकी बंद करायला ते गच्चीवर गेले आणि वरून ओरडले, "झालं का?"
दाढीचं सामान अजून माझ्या हातातच होतं. ते पुन्हा ओरडले, "वहिनी, हाये का खाली कोणी?"
चहा होईपर्यंत काम आटोपलं. बेसिनचा कॉक बंद केला, थेंब थांबला. बादली उपडी घातली. मोकळी झाले. पिशवी भरली. उद्या पहिल्या बसने कन्हान.

१८ जानेवारी, दुपार
पहिली बस गर्दीची असते. दुसरीही. तिसरीसाठी कुलूप लावून कोपऱ्यापर्यंत गेले, पण गॅस बंद केला की नाही ते आठवेना. परत आले. बंद होता.
चौथीची वाट बघत बसले होते, तर दारात ऑटो. काळा चष्मा, हातात औषधाची पिशवी. माया. म्हणाली, "तुह्या नळाले सुटी भेटून नाही राहिली, म्हणून मीच आली. सरक, बसू दे."
तिला निजवलं. डोळ्यात औषध टाकलं. माझा हात अजून स्थिर आहे. "बरं वाटून राहिलं," म्हणाली आणि झोपली.
माझी पिशवी उपसून कपडे कपाटात ठेवले. निघायची सगळी तयारी झाली होती. पण घरात डोळ्याचं ऑपरेशन झालेलं माणूस असताना तिला एकटीला टाकून मी कन्हानला कशी जाणार?