लाल रंग तेवढा बाकी ठेवला आहे

मी, प्रोव्हिदेन्झा शिमेका, वय एकोणऐंशी, कै. नुन्झिओची विधवा, राहणार पालेर्मो, कापो बाजारामागची गल्ली, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. काळजाचं डॉक्टरांना विचारा. ते म्हणतात, महिनाअखेरही गाठणार नाही. मला कोणी भरीस पाडलेलं नाही, तशी कोणाची छातीही नाही.

एक. मृतांच्या सणासाठी साठ वर्षं ज्यांत साखरेच्या बाहुल्या ओतल्या, ते माझे एकतीस साचे भाची निन्फा हिला. तिला पाक कळतो आणि ती तोंड कमी चालवते.

दोन. नाकाजवळ चिरलेला बत्तिसावा साचा समोरच्या मिठाईवाल्या जेझुआल्दोला. पाक ओतल्यावर साचा कधी उलटा करायचा हे त्याला पन्नास वर्षांत उमगलं नाही. घाई केली तर बाहुली फुटते, उशीर केला तर भरीव दगड होतो. त्याच्याकडे दोन्ही मिळतात. आता तर दुकानात प्लास्टिकचे भोपळे आणि परदेशी चेटकिणी टांगल्यात. "काळाबरोबर चालावं लागतं, प्रोव्हिदेन्झाबाई," म्हणतो. चाल बाबा. चिरलेला साचा सोबत ने.

तीन. घर मुलगा लिबोरिओ याला. यात माझी मर्जी नाही. पोटच्या पोराला वगळता येत नाही असा कायदा आहे. तो करणाऱ्याला लिबोरिओ भेटला नसावा.

मृतांच्या सणाच्या आदल्या रात्री घरची मेलेली माणसं येऊन पोरांसाठी साखरेच्या बाहुल्या लपवून जातात, असं आम्ही पोरांना सांगतो. गेल्या सणाला, दोन नोव्हेंबरच्या सकाळी, लिबोरिओच्या घरी त्याची मुलगी देलिया, वय सात, कपाटामागून माझी बाहुली काढून नाचत होती. "आजी, मेलेली माणसं येऊन गेली! माझ्यासाठी कोण आलं होतं गं?" मी तोंड उघडणार, तोच लिबोरिओ वर्तमानपत्रातून मान वर न काढता म्हणाला, "कोणी येत नाही, देलिया. आजीच बनवते आणि आजीच लपवते."

पोरीने बाहुली टेबलावर ठेवली. चाटलीसुद्धा नाही.

"शहाण्या, तुला कोणी विचारलं होतं?"

"पोरांना खोटं कशाला शिकवायचं, आई?"

तेव्हापासून मी त्याची पायरी चढलेले नाही.

खोटं! तो सहा वर्षांचा होता तेव्हा नुन्झिओ बंदरावर क्रेनखाली सापडून गेला. त्या सणाला मी साखरेचा घोडेस्वार केला, त्याला नुन्झिओसारख्या मिशा रंगवल्या आणि पलंगाखाली ठेवला. घोडेस्वाराच्या झग्याचा लाल रंग माझ्या हातांवरून घासूनही जाईना. सकाळी लिबोरिओने घोडेस्वार पाहिला, मग माझे हात पाहिले, मग माझं तोंड. म्हणाला, "आई, बाबा येऊन गेले. आता रडू नकोस." त्याला सगळं कळलं होतं. त्या वाक्यावर मी ते वर्ष काढलं. घर मी त्या पोराला देते आहे. आत त्याचा झालेला हा बँकेतला साहेब राहील, त्याला माझा इलाज नाही.

चार. यंदाची बाहुली पिठाच्या डब्यात फडक्यात गुंडाळून ठेवली आहे. पांढरा अंबाडा, हातात झारा, नाक माझंच. ती लिबोरिओने दोन नोव्हेंबरआधी आपल्या घरात लपवावी आणि देलियाला सापडेल तेव्हा म्हणावं, "आजी येऊन गेली." नोटरी म्हणतो, अशी अट कायद्यात बसत नाही. ठीक. वाईट वागणाऱ्याचे तळपाय मेलेली माणसं किसतात म्हणून त्या दिवशी आमच्याकडे घरोघरी किसणी लपवतात. माझी किसणी माझ्या शवपेटीत ठेवावी. ती तिथून लपवून दाखवा.

पाच. बाहुलीचा झगा मी रंगवलेला नाही. लाल रंगाची बाटली डब्याशेजारी आहे. झगा लिबोरिओने रंगवावा, ब्रशने, बायकोच्या हातमोज्यांशिवाय. रंग आठवडाभर जात नाही. देलिया बाहुली पाहील, मग बापाचे हात पाहील. त्यानंतर ती जे बोलेल ते त्याने वर्तमानपत्र खाली ठेवून ऐकावं.

साक्षीदारांची गरज नाही म्हणतात. मला आहे, नाहीतर लिबोरिओ म्हणेल म्हातारीला भ्रम झाला होता.

सही: प्रोव्हिदेन्झा शिमेका
पालेर्मो, १४ ऑक्टोबर २०१९

साक्षीदार: कोसिमो तारांतो, पाववाला
आगोस्तिना व्हिताले, शेजारीण (वरचा डाग हिच्या रडण्याचा आहे, माझ्या नाही.)