उन्नतीची शिफारस

चिंचणी,
१२ जून २०२५

प्रिय लुडी,

सगळं पालघर तुला सिस्टर लुर्डिना, प्राचार्या म्हणून ओळखतं. ओळखू दे. माझ्यासाठी तू लुडीच. तुझे गुडघे कसे आहेत? आमच्या ह्यांच्या पायाची जखम अजून ओलीच आहे, साखर उतरत नाही. लेक भावना बोईसरच्या त्याच औषधाच्या कंपनीत आहे, गोळ्यांची पाकिटं तपासते.

बोर्डिंगमधले रविवार आठवतात का गं? घरच्यांना लिहिलेली पत्रं मदर आधी वाचायची, म्हणून आपण दोन लिहायचो. एक मदरसाठी आणि दुसरं धोबिणीच्या हाती.

उन्नतीबद्दल फोनवर बोललेच होते. आमच्याकडे कामाला असते त्या ठमीची मुलगी. ठमी डोंगराकडची, पूर्वी पाऊस सरला की वीटभट्टीवर जायची. पोर आठ वर्षांची असताना माझ्याकडे ठेवून गेली. आता दहावीला ब्याण्णव टक्के मिळालेत आणि तिला डॉक्टर व्हायचंय. तुझ्याकडे अकरावी सायन्सला होस्टेलसकट, डॉक्टरकीच्या नीट परीक्षेच्या तयारीसकट जी एक फुकट जागा असते, तिच्यासाठी उन्नती येते आहे. ती जागा नाही मिळाली, तर डॉक्टरकी संपली. दुसरं काही तिच्या आवाक्यातलं नाही.

पोर हुशार आहे, त्यात खोटं नाही. सुरमई साफ करताना हृदय काढून ह्यांच्यासमोर धरते. "काका, माशाला दोनच कप्पे. तुमाला चार हायत, तरी एवढे चिडता?" हे खदखदून हसतात. माझ्या कुठल्या बोलण्यावर असे हसलेले मला आठवत नाहीत. जखमेचं ड्रेसिंग तर असं करते की नर्सनं बघून शिकावं.

पण होस्टेल तिला मानवेल का? तिच्या बोलण्याला मुली हसतील. कोवळं वय आहे, जीव खचेल.

हे तुला पटावं म्हणून लिहिलं. खरं म्हणजे ती गेल्यावर ह्यांचा पाय कोण बघणार?

तेही पुरतं खरं नाही, लुडी.

निकालाच्या दिवशी ठमी पेढे घेऊन आली. "बाय, आमची पोर डाक्टर व्हनार! तुमीच तिची आय, मी नुसती जनली." भावना जेवत होती. उन्नती तिला म्हणाली, "ताई, तुमची मेडिकलची जुनी पुस्तकं मी घेऊ?" भावना दोनदा त्या परीक्षेला बसली, दोनदा राहिली, तुला ठाऊक आहे. ती ताटावरून उठली, माळ्यावरून पुस्तकं काढून तिच्या हातात दिली, वर "छान अभ्यास कर" म्हणाली. मग हात धुवायला गेली ती नळ सोडून उभीच राहिली. मी हाक मारली तरी वळली नाही.

माझ्या घरातून डॉक्टर बाहेर पडायची, तर ती मोलकरणीच्या पोटची नको. लिहिलं एकदाचं.

तिला घेऊ नकोस. मार्कांत किंवा बोलण्यात खोट काढू नकोस, तिला खोटं लगेच कळतं. जागा भरली, एवढंच सांग. इथे आर्ट्सला तिचं नाव मी घालीन. घरी राहील, मायेत राहील. माझी माया खरी आहे, ती तू मोजू नकोस.

तू म्हणशील, हे पाप आहे. असेल. पण तू स्वतः त्या बोर्डिंगमध्ये कशी आलीस? माझ्या बाबांचं पत्र मुठीत धरून. पन्नास वर्षांत मी त्याची आठवण काढली नाही. आज काढते.

काल उन्नतीला आणि ठमीला शिफारसपत्र वाचून दाखवलं. त्यात सगळं कौतुक होतं. ठमीनं डोळे पुसले. ते माझ्या कपाटात आहे. पाकिटात हे जातंय. उन्नतीच ते घेऊन येते आहे, पण उघडणार नाही. दुसऱ्याचं पत्र उघडू नये, हे मीच तिला शिकवलंय.

आता दारात उभी आहे, आठची एसटी गाठायची आहे. इस्त्रीचा पांढरा ड्रेस, मीच शिवलेला. "काकी, अजून काय लिवता? कालच तं झालेलं."

"तुझं कौतुक संपतच नाही गं," मी म्हटलं. वाकून पाया पडली.

घाबरून काही न खाता निघते आहे, तिला आधी चहा-बिस्किट दे.

हे वाचशील तेव्हा ती तुझ्या समोरच्या खुर्चीत बसलेली असेल, तुझ्या चेहऱ्याकडे बघत. जरा हस.

तुझी,
प्रेमला