यादीतली खालची ओळ

बुधवार, १२ फेब्रुवारी

प्रिय दादा,

सा. न. आम्ही सगळे ठीक. वहिनीचा गुडघा कसा आहे? तिला म्हणावं, जिने जरा दमानं चढ. तुझ्या मेहुण्यांनी गच्चीत टोमॅटो लावलेत. अजून एकही आलेला नाही, पण कुणाकुणाला वाटायचे ते ठरवून झालंय.

एरवी उठसूट फोन करणारी ही आज पत्र का लिहितेय, असं वहिनी विचारेल. फोनवर तुझा आवाज ऐकला की मी टोमॅटोंवर येते. म्हणून हे कुरिअरने पाठवतेय, परवा मिळेल.

रविवारी तुझं करवतीचं मशीन विकत घ्यायला, आधी बघायला म्हणून गिऱ्हाईक येणार आहे, असं कळलं. आधी हे पूर्ण वाच, मग काय ते ठरव.

माझं काम तुला वरवर माहीत आहे. पंपांच्या कारखान्यात खरेदी विभागात बसते, कॉम्प्युटरवर ऑर्डरी भरते. माल कुणाकडून घ्यायचा ते पुरवठादारांच्या यादीतून निवडायचं असतं. ज्यांनी धंदा गुंडाळला त्यांच्या नावावर जाऊन ‘बंद’ करायचं, की ते नाव दिसेनासं होतं. हे काम साहेबांनी मला दिलं, कारण माझा हात चालतो. इतरांना माउस लागतो, मी नुसत्या बटणांवर सुसाट. तेवढीच माझी मिजास.

त्याच यादीत पंपांची लाकडी खोकी पुरवणारा म्हणून तुझंही नाव. थंडी सुरू होताना तुझ्या वरच्या ओळीतला दोरीवाला बंद करायचा होता. बटण दाबलं, तर कॉम्प्युटर अडकला. मला कुठला दम! पुन्हा दाबलं. पहिल्या दाबण्याने दोरीवाला गेला, यादी एक ओळ वर सरकली आणि दुसरं दाबणं तुझ्यावर पडलं. मी बघितलंसुद्धा नाही.

खोक्यांच्या ऑर्डरी माझ्या शेजारची भरते. तुझं नाव दिसेना, तेव्हा साहेबांनीच काढलं असेल असं धरून तिने काम दुसऱ्याला दिलं. साहेबांना वाटलं, तुलाच झेपत नसेल. मला वाटलं, मंदी आहे.

खरं कळलं ते तू ऑफिसात आलास त्याच्या आदल्या दिवशी. सहज तुझं नाव शोधलं, तर बंद. कुणी केलं तेही तिथंच दिसतं. मीच. परत उघडायला साहेबांची परवानगी लागते, म्हणजे सगळं सांगणं आलं. उद्या सांगू, म्हणून घरी गेले.

आणि दुसऱ्या दिवशी तू इस्त्रीचा शर्ट घालून दारातल्या बाकावर बसलेला. ‘अगं, माझ्या खोक्यांत काही खोट निघाली का? खरं सांग, मी वाईट वाटून घेणार नाही.’

शेजारची कान टवकारून बसली होती. मी म्हणाले, ‘फळ्या खरबरीत येतात म्हणे.’

म्हणे! कोण म्हणे? कुणीच नाही. तू मान हलवलीस. ‘हात गेला असेल, वय झालं,’ म्हणालास. वर माझीच समजूत घातलीस, ‘तू साहेबांकडे माझ्यासाठी शब्द टाकू नकोस हं, उगाच तुला ओशाळं वाटेल.’

मग वहिनीकडून ऐकलं, की तू फळी न् फळी पॉलिश पेपरने घासत बसतोस, आणि आता मशीनच विकायला काढलंस. मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी आठवडाभर गप्प बसले. दादा, मला माझीच किळस येते.

काल साहेबांना सांगितलं. ते चिडले नाहीत, तेच जास्त लागलं. तुझं नाव परत उघडलं. नावं बंद करायचं काम माझ्याकडून काढून घेतलं, बरंच केलं. मात्र ऑर्डर लगेच मिळेल असं नाही, दुसऱ्याला त्यांनी शब्द दिलाय. तेही तुझ्यापासून लपवत नाही.

माफी कागदावर मागणार नाही. शनिवारी येते. वहिनीने दार उघडलं नाही, तर पायरीवर बसेन. तुला हवं ते बोल.

पण मशीन विकायचंच असेल तर दुसऱ्या कुठल्या कारणासाठी विक. दुपारी जेवण झालं की मी पॅकिंगच्या शेडमध्ये जायचे आणि तुझ्या खोक्यांवरून हात फिरवायचे, माझ्या भावाने केलीत म्हणून. एक कुसळ कधी टोचलं नाही. तुझा हात गेलेला नाही, दादा. मी खोटं बोलले.

अजून म्हणू देणार असशील तर,
तुझी धाकटी बहीण