स्वखुशीचा अंगठा

नागपूर, मंगळवार, १२ मार्च १९७४

आज जेवण गेलं नाही. डोळ्यांसमोर सारखा तो शाईचा अंगठा येतो आहे.

उमरेडची बाई होती, भावाबरोबर आलेली. वडिलांच्या घरातला आपला हिस्सा ती भावाला सोडून देणार, असं हक्कसोडपत्र. नोंदणी कचेरीतला कारकून म्हणून मी ते तिला वाचून दाखवलं आणि नेहमीचा प्रश्न विचारला, "बाई, स्वखुशीनं देता ना?"

ती म्हणाली, "नाही म्हटलं तर राखीले कोनाच्या घरी जाऊ, साहेब?"

भाऊ हसला. "हो म्हन ना वं बाई, साहेबाले टाइम नाही."

"हो," ती म्हणाली. कागदावर तेवढंच आलं. आधीचं वाक्य लिहायला त्यात जागाच नाही. शिक्का बसला. कायद्यानं काय चुकलं? काहीच नाही. आणि मी कागद परत केला असता, तर तिचं माहेर आजच तुटलं असतं. मग करायला हवं होतं तरी काय?

भावानं आणलेली नवी साडी तिच्या मांडीवर होती. अंगठ्याची शाई तिनं त्या साडीलाच पुसली. चुकून? मला तसं वाटलं नाही.

आमच्या वडिलांच्या प्रताप नगरच्या घराच्या वेळी माझ्या बहिणीनं, शकूताईनं, अशीच सही केली. कागद माझ्याच अक्षरातला. मीही साडी दिली होती. तो प्रश्न मात्र मी तिला घरी एकदाही विचारला नाही.

ती साडी तिच्या अंगावर मी अजून पाहिलेली नाही.