धर्माजी पुन्हा हसले

राई, मार्च १९७३

गॅब्रियलभाऊंना दुर्गाचा नमस्कार.

गोदामाच्या आगीतून ते बाळ वाचवता आलं नाही, तेव्हापासून आमचे हे स्वतःच्या लेकीला, सुलूलाही उचलून घेत नव्हते. बंबावरचे सोबती म्हणायचे, "धर्माजी, विसर आता." तुम्ही मात्र, स्वतः जुने फायरमन, उत्तनहून दर रविवारी येऊन शेजारी बसलात. "मीही वर्षभर रडलोय रे, बोल," म्हणालात. मग हे बोलले, पोटभर रडले.

आज सकाळी सुलूला खांद्यावर घेऊन हे खाडीपर्यंत धावले! दोघं चिखलाने माखून, खिदळत परतले. मला हसू आवरेना.

"गॅब्रियलला मीच सांगतो," म्हणत सुलूला सायकलवर बसवून निघालेतसुद्धा. म्हणून हे पत्र टाकत नाही. त्यांच्याच तोंडून ऐका.

तुमची बहीण,
दुर्गा