शंखाविषयी, शेवटून वाचावे

तीर्थस्वरूप काकांस,

तुमच्या भागूबाईचा, बसच्या मागल्या सीटवरून जमेल तेवढा वाकून नमस्कार.

तुम्ही ही ओळ वाचताय याचा अर्थ पत्राचा शेवट तुमचा वाचून झालाय आणि तरीही तुम्ही हयात आहात. (जन्मभर घड्याळं मागून उघडलीत, म्हणून पत्रंही मागूनच उघडता. या सवयीची मी आजवर टिंगल केली. आज सगळी भिस्त तिच्यावरच आहे.) तेव्हा 'प्रकृती कशी आहे' हे या खेपेला मी रिवाज म्हणून विचारत नाही. ओठ बधिर नाहीत ना? एकाचे दोन दिसत नाहीत ना? दिसत असतील तर आधी डोळ्यावरचं भिंग काढून बघा. दहाही बोटं एकेक करून हलवा. इकडे तुमच्या सूनबाई खुशाल आहेत, घर खुशाल आहे. मी नाही.

काल तुमचं पत्र आलं. तुम्ही लिहिता: किनाऱ्यावर जिवंत शंख सापडला, शंकूच्या आकाराचा, अंगावर तपकिरी जाळीची अशी नक्षी की जुन्या घड्याळाच्या तबकडीवरही पाहिली नाही. तुझ्या विषकोशात बघितला, पुढे हिरवी खूण होती, म्हणून समुद्राचं पाणी घालून बरणीत, कामाच्या टेबलावर ठेवलाय आणि रोज सकाळी तळहातावर घेऊन न्याहाळतो. एवढं वाचून मी खुर्चीतून उठलोच. काका, त्या शंखात राहणारी गोगलगाय गरीब नाही. तिच्या तोंडात दाभणासारखा काटा असतो. मासा दिसला की ती हा काटा मारते आणि मासा जागच्या जागी लुळा पडतो. हाताळल्यामुळे चिडली तर माणसालाही मारते, आणि त्या विषाला उतारा नाही. हे कोळ्यांना माहीत आहे, पुस्तकांना माहीत आहे, मलाही माहीत आहे. माहीत नाही ते फक्त मी स्वतःच्या हाताने भरलेल्या विषकोशाला.

हे कसं झालं ते सांगायला नऊ तासांचा प्रवास हाताशी आहे, म्हणून सांगतो. आमचा विषकोश म्हणजे साप, विंचू, कोळी, बेडूक, मासे, जे जे म्हणून चावतं, डसतं किंवा नुसतं अंगाला लागलं तरी भोवतं, त्या सगळ्यांच्या विषांची इंटरनेटवरची वही. कुणीही उघडावी, नाव टाकावं आणि जे दिसेल त्यावर विश्वास ठेवावा. माझं काम म्हणजे विद्वानांचे निबंध वाचायचे आणि प्रत्येक विषामागे एकतीस रकाने भरायचे. आजवर मी एकही जिवंत विंचू पाहिलेला नाही. (निबंधांतले मात्र सातशे पाहिलेत, आणि निबंधातला विंचू दगडाखाली परत जात नाही, डोक्यात राहतो.) म्हणून तर मी जाड तळव्याचे, घोट्यापर्यंतचे बूट घेतले. घालण्यापूर्वी ते तीनदा झटकतो आणि घरातही काढत नाही. सूनबाई म्हणतात, "अहो, विष वहीत आहे, पलंगाखाली नाही." म्हणोत. गेल्या पावणेदोन वर्षांत माझ्या तळपायांनी जमीन पाहिलेली नाही.

तर एकतीस रकान्यांतला सत्ताविसावा: 'माणसाला अपाय'. त्यात तीनच पर्याय. मृत्यू, इजा, आणि 'अपाय नोंदलेला नाही'. 'आम्हाला ठाऊक नाही' असा चौथा हवा, असं मी पहिल्याच आठवड्यात सुचवलं होतं. पण संचालकबाईंचं म्हणणं पडलं की संस्थेला ठाऊक नाही हे संस्थेनेच लेखी देणं बरं दिसत नाही. आणि रकाना मोकळा सोडावा तर यंत्र पान जतन करत नाही. आता तुमच्या या शंखावरचा माझ्यापुढचा निबंध होता त्याच्या विषातल्या एका कणाबद्दल, तोही उंदराच्या नसांवर तपासलेला. माणसाचा त्यात शब्द नाही. मी तिसरा पर्याय निवडला. काका, ते खोटं नव्हतं! त्या निबंधात अपाय नोंदलेला नव्हताच. दुसरे निबंध वाचून नंतर दुरुस्त करू, म्हटलं. अशी 'नंतर'ची पानं चारशे बारा झाली.

इथवरही निभावलं असतं. पण आमच्याकडे एक संगणकवाले आहेत, आम्ही त्यांना सुबकराव म्हणतो, कारण जे सुबक नाही ते त्यांना दिसतच नाही. 'अपाय नोंदलेला नाही' हे शब्द मोबाइलच्या पडद्यावर मावेनात, ओळ मोडायची. सुबकरावांनी ते काढून तिथे छोटीशी हिरवी खूण बसवली. बैठकीत सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. (हळू वाजवल्या, पण वाजवल्या.)

तुमचं पत्र खिशात घालून मी काल बाईंच्या दालनात शिरलो आणि म्हटलं, ती खूण आत्ताच्या आत्ता काढायला हवी. बाई म्हणाल्या, "आधार?" छापील आधार ढीगभर आहेत, पण ते तपासायला दोन तज्ज्ञ लागतात, त्यातले एक रजेवर, आणि दुसरे पहिल्यांनी सही केल्याशिवाय सही करत नाहीत. मी सांगितलं, माझे काका तो प्राणी रोज सकाळी तळहातावर घेतात. बाईंचा चेहरा खरोखर मऊ झाला. म्हणाल्या, "पीडित व्यक्तीचं सहीचं निवेदन असेल तर त्याच दिवशी बदलता येतं हं. काही झालं तर लगेच कळवा."

तुम्हाला फोन केला. अकरा वेळा केला. अकराही वेळा तुम्ही उचललात, "ऐकू येत नाही, पत्र टाक!" असं ओरडलात आणि ठेवलात. मग तुमच्या गल्लीतल्या औषधवाल्यांना फोनवर गाठलं, म्हटलं, धावत जा आणि काकांच्या हातातून ती बरणी काढून घ्या. ते म्हणाले, थांबा हं, बघतो, आणि बघून म्हणाले, "अहो, हिरवी खूण आहे की!" मी म्हटलं, ती मीच केलीय. ते म्हणाले, "मग तुम्हीच कशाला घाबरता?" मी फोन ठेवला.

आणि त्यांनी निरोप दिला असता तरी तुम्ही ऐकलं असतंत का? बेडकाला हात लावू नका, जेलीफिशवर पाय देऊ नका, गोम दिसली तर खोली बदला, असं मी इतक्या वेळा कळवलंय की लांडगा आला रे आला म्हणणारा तो गुराखी माझ्यापुढे मितभाषी ठरावा. पोरका झालो तेव्हा तुम्ही मला घरी आणलंत, तेव्हा मी झुरळाला भिऊन तुमच्या कामाच्या टेबलावर चढून बसायचो, आणि तुम्ही "आमची भागूबाई" म्हणत पाय हलवू न देता माझ्या भोवतीच घड्याळं दुरुस्त करायचात. त्याच टेबलावर आज ती बरणी आहे. मागच्या वर्षी तुम्ही लिहिलंत, "तुझ्या तोंडापेक्षा तुझ्या विषकोशावर माझा जास्त विश्वास." ते पत्र मी अभिमानाने सगळ्या कचेरीला वाचून दाखवलं होतं. सगळे हसले. हसतील नाही तर काय.

शेजारच्या सीटवरच्या आजी मघापासून बघत होत्या. शेवटी विचारलं, "घरी कुणी आजारी आहे का रे बाबा?" मी म्हटलं, अजून नाही. तेव्हापासून त्या माझ्यापासून जरा सरकून बसल्यात.

समुद्राचा वास येऊ लागलाय. थांबतो.

तुमचा,
भागूबाई

ता. क. १: आधीच टोचलं असेल तर वाचत बसू नका, ताबडतोब मोठा दवाखाना गाठा, जिथे श्वास चालू ठेवायचं यंत्र असेल तिथेच. त्यानंतर जमल्यास सोबतचा कोरा कागद भरावा: कोणतं बोट, किती वाजता (तुमच्याइतकी अचूक वेळ आम्हाला दुसरं कोण देणार?), किती मिनिटांनी काय झालं, आणि खाली सही. हे लिहून झाल्यावर माझी मलाच शिसारी आली. तरी खोडलेलं नाही. एकतीस रकाने माणसाचं असं करून ठेवतात.

ता. क. २: खरी गोष्ट वर लिहायचा धीर झाला नाही. काल औषधवाल्यांचा फोन ठेवला तो थेट सुबकरावांपाशी गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, "मी जरा चहा घेऊन येतो" म्हणून उठले आणि यंत्र उघडंच ठेवून गेले. मी चारशे बाराही पानांवर 'मृत्यू' लिहून आलो. (त्यात दोनचार बेडूक अगदी निष्पाप आहेत, त्यांची मी जाहीर क्षमा मागतो.) सुबकराव परतले, लाल झालेली पानं पाहिली आणि एवढंच म्हणाले, "एकसारखी दिसतायत." थोडक्यात, नोकरी बहुधा राहिलेली नाही. पत्राचं खरं कारण हेच समजा: काही दिवस तुमच्याकडे राहू का? बॅग आणलीय. सूनबाई परवाच्या बसने येतील.

ता. क. ३: काका, मी तुमच्या खिडकीबाहेर उभा आहे. बेल वाजवली, दार बडवलं, ऊर फुटेस्तोवर ओरडलो. तुम्ही डोळ्याला भिंग लावून पाठमोरे बसलायत. बरणी टेबलावर आहे. बरणीत गोगलगाय नाही. टेबलावरून खाली ओली रेघ गेलीय आणि तुमचे पाय अनवाणी आहेत. पत्र दाराखालून सरकवलं तर उचलायला तुम्ही चालत याल. म्हणून माझ्या बुटात खुपसून खिडकीतून टेबलावर टाकतोय, पाठोपाठ दुसराही येतोय. पाय वर घ्या. दोन्ही बूट तीनदा झटका, घाला, आणि मगच खाली उतरून दार उघडा. घाई करू नका. मी इथेच आहे, अनवाणी.